नागपूरच्या वाड्यातली बांकाबाई

रविवारची जेवणे आटोपली की हातात कादंबरी घेऊन आडवे व्हायचे, ही आमच्या मारेगावच्या घरातली जुनी रीत. मध्यंतरी माझ्या लेकीने रशियाच्या कॅथरीन राणीवरची एक जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवली. जर्मन मुलखातून सून म्हणून आलेली मुलगी काय, १७६२ साली नवऱ्याला पदच्युत करून सम्राज्ञी होते काय, आणि चौतीस वर्षे राज्य करते काय! पुस्तक मिटून तिने मला विचारले, की आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या घरात अशी कुणी बाई झालीच नाही का?

झाली होती. तिचे नाव बांकाबाई. तिच्यावर कादंबरी लिहायला लेखणी का अडखळते, याचा विचार मी त्या दिवसापासून करतो आहे.

बांकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. १८०३ साली देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आमचा हा भागही, भोसल्यांच्या हातून गेला. तो घाव सोसलेले रघूजी १८१६ साली वारले आणि गादीवर त्यांचा मुलगा परसोजी आला. तो शरीराने अपंग, कारभार पाहण्यास असमर्थ. सावत्र मुलाच्या नावाने कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बांकाबाईने प्रयत्न केला, पण चुलतभाऊ आप्पासाहेबाने तिच्यावर मात केली. त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि १८१७च्या फेब्रुवारीत परसोजी आपल्या बिछान्यात मेलेला सापडला. हा खून आप्पासाहेबानेच करवला, असे पुढे उघड झाले. परसोजीची पत्नी काशीबाई सती गेली. एका वर्षाच्या आत बांकाबाईने नवरा, मुलगा आणि सून गमावली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब हरला. त्याच्या मदतीला निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी आमच्या पांढरकवड्याकडच्या शिवणीला गाठून पिटाळले. आप्पासाहेब कैदेतून शिपायाच्या वेषात निसटला, तो पुन्हा गादीवर बसलाच नाही. इंग्रजांनी रघूजींच्या मुलीचा मुलगा, जेमतेम दहा वर्षांचा पोर, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवला. त्याची पालक झाली बांकाबाई. कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती आणि वाडा बाईच्या हाती, अशी वाटणी झाली. १८२६ साली नव्या तहानंतर रघूजी स्वतः राज्य पाहू लागला.

कॅथरीनच्या पाठीशी राजधानीतल्या पलटणी उभ्या होत्या. बांकाबाईजवळ काय होते? विधवेचा मान, एक नातू, आणि इंग्रजांनी दिलेला शब्द. त्या शब्दावर विसंबून तिने पस्तीस वर्षे काढली.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. राण्यांनी यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या मुलाला पुढे केले, त्यानेच अग्नी दिला. पण लॉर्ड डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. आदल्याच वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन केला होता. म्हणजे वर्षभरात वर्धेचे दोन्ही काठ कंपनीचे झाले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावात निघाले. दागदागिने कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत विकले गेले. सत्तरी ओलांडलेल्या बांकाबाईने अर्ज केले, वकील धाडले. काही उपयोग झाला नाही.

यानंतर आले १८५७ साल. जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या घोडदळात उठावाचा बेत शिजला. भोसल्यांच्या घरातून एक शब्द गेला असता तर अर्धा मुलूख पेटला असता. तो शब्द गेला नाही. बांकाबाईने आप्तांना बोलावून बजावले, की जो बंडात सामील होईल त्याला मी स्वतः इंग्रजांच्या हवाली करीन. नागपूर शांत राहिले. १८५८ साली बांकाबाई वारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या चांद्यात गोंड वीर बाबूराव शेडमाके फासावर गेला.

इथेच लेखणी अडखळते. ज्यांनी घर लुटले त्यांच्याच बाजूने ही उभी राहिली, म्हणून तिला फितूर म्हणावे? मी बरीच वर्षे तसेच म्हणत आलो. पण लेकीच्या प्रश्नानंतर मी हिशेब पुन्हा मांडला. आप्पासाहेबाचे बंड तिने डोळ्यांनी पाहिले होते. त्यात वंश बुडायला आला, आणि शेवटी राज्य इंग्रजांच्याच मुठीत गेले. १८५७ साली तिच्याजवळ वाचवण्यासारखा एक दत्तक मुलगा आणि दोनचार विधवा, एवढेच उरले होते. तिने तेवढे वाचवले. तिच्या पश्चात लॉर्ड कॅनिंगच्या काळात त्या मुलाला जानोजी भोसले म्हणून मान्यता, देऊरची जहागीर आणि राजाबहादूर हा किताब मिळाला. राज्य मात्र परत आले नाही.

या हिशेबाने तिची बाजू पूर्ण उजळते असे मला वाटत नाही. शेडमाकेपाशीही वाचवण्यासारखे घर होतेच, तरी तो उठला. त्याच्या फासापुढे बांकाबाईची शांतता खुपते, आणि ती खुपायलाच हवी. पण तिला तीन अक्षरांच्या शिवीत गुंडाळून ठेवणे हाही न्याय नव्हे.

लेकीला मी एवढेच सांगितले, की जिंकलेल्या राणीवर कादंबरी लिहायला शेकडो हात पुढे येतात. हरलेल्या घरातली, पडेल ते सोसून उंबरठा राखणारी म्हातारी मात्र कागदपत्रांतच राहते. ती म्हणाली, मग तुम्हीच लिहा की. कादंबरी काही माझ्या हातून होणार नाही. निदान हा लेख तरी तिच्या नावावर असू द्यावा, म्हणून लिहिला.