चर्चगेटचं 'गेट' पाडणारा गव्हर्नर

चर्चगेटला रोज लाखो मुंबईकर उतरतात, पण गेट काही कुणाला दिसत नाही. दिसणार कसं? ते दीडशे वर्षांपूर्वीच पाडलं. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा तो दरवाजा. पाडायचा निर्णय झाला गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात.

फ्रियरचा जन्म 1815 चा, वेल्समधला. 1834 मध्ये कंपनीच्या नोकरीत तो मुंबईला आला आणि पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला. 1848 मध्ये छत्रपती वारल्यावर कंपनीने दत्तक नाकारून राज्य खालसा करायचं ठरवलं, तेव्हा या साहेबाने विरोध केला. राज्य गेलंच, वर कारभार बघायला त्यालाच बसवलं. मग सिंध. तिथे त्याने कराची बंदराच्या कामाला जोर लावला.

1862 मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी सुरू होती, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. साहजिकच भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा धो धो वाहू लागला. पण शहर अजून तटबंदीत कोंडलेलं. बाहेर घाणीने भरलेला खंदक, आत गर्दी. शत्रू उरला नव्हता, भिंत मात्र उरली होती.

फ्रियरने ती पाडायला घेतली. मोकळ्या झालेल्या जागेत रस्ते आले, भूखंड विकले गेले. हायकोर्ट, सचिवालय, विद्यापीठ या इमारतींची आखणी तेव्हाची. त्याच्याच काळात, 1863 मध्ये, भोरघाटातून रेल्वे धावली आणि घाटावरचा माल थेट बंदरात उतरू लागला. 1869 ला सुएझ कालवा खुला झाला तेव्हा मुंबई तयार होती, ती यामुळे.

पण सगळंच गोड नव्हतं. समुद्र बुजवणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर अख्खं शहर सट्टा खेळत होतं. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापूस कोसळला, पाठोपाठ सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. वेळीच लगाम घातला नाही, हा ठपका फ्रियरवर आला आणि तो चुकीचा नव्हता. 1864 च्या जनगणनेत 8 लाख 16 हजारांवर गेलेली मुंबई 1872 मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली.

1867 मध्ये तो परतला. पुढे दक्षिण आफ्रिकेत झुलू युद्ध ओढवून घेतलं, उरलीसुरली अब्रू तिथे गेली. 1884 मध्ये वारला.

पाडलेल्या चर्चगेटच्या जागी उभ्या राहिलेल्या कारंज्याला त्याचं नाव द्यायचं होतं. ते आज फ्लोरा फाउंटन आहे. बंदराजवळचा फ्रियर रोडही पी. डिमेलो मार्ग झाला. कराचीत मात्र फ्रियर हॉल अजून उभा आहे.