कापसाचा बर्फ आणि ताराबाई

नाताळच्या सुट्टीत मी घरी, लोधीखेड्याला गेले होते. ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या नर्सरीत आठवडाभर मदतीला बोलावलं. विषय होता ऋतू. मी उत्साहाने तीन तक्ते केले. हिवाळ्याच्या तक्त्यावर निळा कागद, टोपी घातलेला बर्फमाणूस आणि खाली सगळीकडे पसरलेला बर्फ. बर्फासाठी आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्यातून उरलेला कापूस कामी आला.

मुलांना विचारलं, हे पांढरं काय आहे? सगळ्यांनी एका सुरात कापूस असं सांगितलं. मी हसून मान हलवली आणि बर्फ हा शब्द त्यांच्याकडून घोकून घेतला. चार वर्षांचा एक मुलगा मात्र ऐकेना. त्याच्या घरी तेव्हा वेचणीचा कापूस खोलीभर रचलेला होता आणि तो त्यावर उड्या मारायचा. हिवाळ्यात काय असतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी त्याला चूक ठरवलं. तो गप्प बसला आणि उरलेले दिवस माझ्याशी फारसं बोललाच नाही.

कॉलेजात परतल्यावर बालसाहित्यावरच्या एका पेपरसाठी मी ताराबाई मोडकांविषयी वाचत होते. वाचताना सारखा तो मुलगा आठवत राहिला. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. आई-वडील प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरात अडसर नव्हता. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे मोडक नावाच्या वकिलांशी लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या. अमरावती म्हणजे आमच्या पांढुर्ण्याला लागून असलेला जिल्हा. वरुडची संत्री आणि आमची संत्री एकाच पट्ट्यातली. इतक्या मोठ्या बाई आपल्या इतक्या जवळ राहून गेल्या, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

संसार मात्र टिकला नाही. 1921 मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला. आमच्या घरी विवाह हा पवित्र संस्कार मानतात, मोडलेल्या लग्नाबद्दल आवाज खाली करून बोलतात. म्हणून ते साल वाचताना मी थबकले. आज 2 घरं सोडून कोणाचा घटस्फोट झाला तरी गावभर चर्चा होते. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी असताना, त्यांनी राजकोटला जाऊन स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचं प्राचार्यपद सांभाळलं.

आपल्या मुलीला शिकवायचं कसं, या शोधात त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं काम कळलं. गिजुभाईंनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. 1923 मध्ये ताराबाई तिथे गेल्या आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. मार्गदर्शक विचार होता मारिया मोंटेसोरींचा. मोंटेसोरी कॅथलिक होत्या, हे आमच्या शाळेत अभिमानाने सांगायचे. त्यांनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकतं, मोठ्यांनी त्याच्यासाठी फक्त नीट परिसर तयार करायचा, हा त्यांचा आग्रह.

1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका काढली, शिक्षिका तयार केल्या. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं. काम नावाजलं गेलं. पण एक गोष्ट खटकत होती. मोंटेसोरी पद्धतीची लाकडी साधनं, मनोरे, दट्ट्या, रंगपेट्या, हे सगळं महाग. ज्या घरात पैसे, त्याच घरातल्या मुलांना ही शाळा. रोममध्ये गरिबांसाठी सुरू झालेली गोष्ट आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंतांची होऊन बसली होती.

म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. त्याच वर्षी त्या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहत होते. याच काळात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच विधवा झालेल्या, हट्टाने शिकलेल्या अनुताई पुढे त्यांच्या उजव्या हात बनल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुलं येईनात. आपल्यापैकी कोणीही असतं तर पालकांना समज नाही म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. झाडून घेतलेली मोकळी जागा, मुलांना अंघोळ, नखं कापणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी ती हीच. लाकडी साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी, पानाफुलांनी आणि मातीने घेतली. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, एक-दोन-तीन हे सगळं शिंपल्यांवरही शिकता येतं आणि शिंपले किनाऱ्यावर फुकट मिळतात.

1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. इथली आदिवासी मुलं दिवसभर गुरांमागे रानात. घरी राहिलेल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. बाळ पाळणाघरात, बहीण वर्गात. आणि जी मुलं गुरं सोडून येऊच शकत नव्हती, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा.

माझं मन या कुरणशाळेपाशी अडकलं. भर पावसात गवतात उभ्या असलेल्या मुलाला पावसाळा म्हणजे काय हे कोण शिकवणार? कोणतं गवत गुरं खातात, कोणता ढग बरसतो, हे तो गुरुजींना सांगेल. शिक्षकाचं काम तिथून पुढे सुरू होतं. त्याला ठाऊक असलेलं मोजायला, वेगळं करायला, नाव द्यायला, चित्रात उतरवायला शिकवायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. आमच्याकडच्या मुलांना आंबिया आणि मृग बहार कळतात, बहारासाठी झाडाचं पाणी तोडून ताण कधी देतात ते कळतं, पोळ्याला बैल कसे सजतात ते कळतं. मी त्यांना कधी न पाहिलेला बर्फ शिकवला.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आमच्या गावातही अंगणवाडी आहे. पण ऐपत आली की लोक मुलाला टाय लावून नर्सरीत घालतात. अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची जागा, असंच मीही लहानपणापासून समजत आले. त्या शब्दामागे मुंबई सोडून अंगणात येऊन बसलेली एक बाई आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

फेब्रुवारीत दोन दिवस घरी गेले, तेव्हा एका टोपलीत न वेचलेली बोंडं, सरकी, संत्र्याची फुलं आणि नदीतले खडे घेऊन नर्सरीत गेले. मुलांनी सरकी मोजली, खडे लहान-मोठे लावले, फुलांचा वास घेऊन नाकं पांढरी-पिवळी केली. तो मुलगा आधी लांबच उभा होता. मग मी बोंडातून कापूस ओढताना पाहून त्याला राहवेना. वाळकं टरफल बोटाला टोचू न देता कापूस कसा काढायचा, हे त्याने मला दाखवलं. दोनदा दाखवलं, कारण पहिल्यांदा मला जमलं नाही.

बर्फमाणूस अजून भिंतीवरच आहे. बाईंना तो आवडतो, पालकांनाही. टोपली मी त्याच्या खाली ठेवून आले.