खवय्यांच्या पंचांगाचा कर्ता

नव्या उपाहारगृहाची पायरी चढण्यापूर्वी तिथे जेवून आलेल्या कुणाचे तरी मत वाचण्याची सवय शहरी माणसाला आता चांगलीच जडली आहे. मोबाइलवर तारे मोजले जातात, पदार्थांची छायाचित्रे न्याहाळली जातात आणि मगच टेबल राखून ठेवले जाते. परक्या जिभेवर विश्वास टाकण्याचा हा व्यवहार दोनशे वर्षांहून जुना आहे. त्याचा पाया पॅरिसमध्ये घातला गेला आणि तो घालणाऱ्या माणसाला जन्मतः धड हात नव्हते. अलेक्झांद्र बाल्ताझार लोराँ ग्रिमो द ला रेनिएर हे त्याचे नाव. उपाहारगृहांचा पहिला समीक्षक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. या समीक्षेवर आजही घेतला जाणारा मुख्य आक्षेप त्याच्याच हयातीत आणि त्याच्याच दारात उभा राहिला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

लपवलेले मूल

ग्रिमोचा जन्म 20 नोव्हेंबर 1758 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील करवसुलीचे मक्तेदार होते. राजाच्या वतीने जनतेकडून कर गोळा करणाऱ्या या मक्तेदारांकडे अमाप पैसा असे आणि लोकांचा रोषही त्यांच्याच वाट्याला येई. आई जुन्या सरदार घराण्यातली. अशा घरात जन्मलेल्या मुलाचे दोन्ही हात विकृत निघाले आणि कुटुंबाने ते कुलाला लागलेले लांच्छन मानले. मूल धडधाकटच जन्मले होते, डुकराने त्याचे हात खाल्ले, अशी कहाणी घरच्यांनीच पसरवली असे सांगितले जाते. पुढे त्याच्यासाठी धातूचे यांत्रिक हात बनवून घेण्यात आले. त्यांवर पांढरे हातमोजे चढवून ग्रिमो समाजात वावरू लागला. या हातांनी तो लिहायला शिकला, चित्रे काढायला शिकला आणि काटा-सुरी चालवायलाही शिकला.

शिक्षणाने तो वकील झाला, पण मन रमले ते नाटकात आणि लेखनात. आईवडिलांच्या खोट्या प्रतिष्ठेविषयीचा सल मात्र गेला नाही. 1 फेब्रुवारी 1783 रोजी त्याने दिलेली मेजवानी पॅरिसच्या कायमची स्मरणात राहिली. आमंत्रणे मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या शोकपत्रिकेच्या थाटाची होती. जेवणाच्या दालनाला अंत्यविधीची कळा आणली होती. निवडक पाहुणे जेवत असताना इतरांना सज्जातून तो सोहळा पाहण्याची मुभा होती. वाढलेले डुकराचे मांस आपल्याच एका नातलगाच्या दुकानातले आहे, असे त्याने पाहुण्यांना आवर्जून सांगितल्याची आख्यायिका आहे. घराण्याचे मूळ मांसविक्रेत्याच्या दुकानात होते आणि आईला नेमके तेच विसरायचे होते. भोजन हे रंगभूमीसारखे असते आणि ताटातून बोचरे काही सांगताही येते, याची जाण ग्रिमोला त्या रात्रीच होती, असे दिसते.

मठातील भोजनशाळा

कुटुंबाचा संयम अखेर सुटला. 1786 मध्ये ग्रिमोच्या एका उपरोधिक लेखनाने प्रकरण चिघळले, तेव्हा राजाच्या मोहोरेचा हुकूम मिळवून त्याला नान्सीजवळच्या दोमेव्हर येथील मठात धाडण्यात आले. ही एक प्रकारची नजरकैदच होती. परंतु मठाधिपतीचे ताट उत्तम होते. आज काय शिजले, ते कुठून आले, कोणत्या ऋतूत काय खावे याचा गंभीरपणे विचार करण्याची सवय ग्रिमोला तिथे लागली. सुमारे दोन वर्षांनी सुटका झाली, तरी पॅरिसचे दार बंदच राहिले. मग त्याने लिआँमध्ये व्यापार केला. सरदार घराण्याच्या मुलाने दुकान थाटणे ही तेव्हा नामुष्कीची गोष्ट होती, पण ग्रिमोला त्यात संकोच वाटला नाही. मालाची पारख, भाव आणि गिऱ्हाईक यांचे हे ज्ञान पुढे त्याच्या लेखणीच्या कामी आले.

दरम्यान फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. 1793 च्या अखेरीस वडील निवर्तले आणि 1794 मध्ये ग्रिमो पॅरिसला परतला. घरच्या संपत्तीला मोठी गळती लागली होती. शाँझेलीझेच्या कोपऱ्यावरचा वाडा तेवढा उभा होता.

बदललेले शहर

ज्या शहरातून त्याला हाकलले गेले होते, ते शहरही आता उरले नव्हते. पूर्वी उत्तम जेवण सरदारांच्या वाड्यात मिळे. सामान्य प्रवाशाला खाणावळीच्या सामाईक टेबलावर, ठरलेल्या वेळी, समोर येईल ते खावे लागे. फ्रेंच भाषेत ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मुळात अंगात शक्ती आणणाऱ्या मांसाच्या कढणासाठी वापरला जाई. 1760 च्या दशकात असे कढण विकणारी दुकाने निघाली आणि पुढे त्यांचेच नाव उपाहारगृहाला मिळाले. स्वतंत्र टेबल, हवे तेव्हा जेवण, पदार्थांची यादी आणि यादीसमोर छापलेली किंमत ही या घरांची नवलाई होती.

क्रांतीने सरदार देशोधडीला लागले आणि त्यांच्या मुदपाकखान्यातील आचारी बेकार झाले. त्यांच्यापैकी अनेकांनी नव्या उपाहारगृहांच्या चुली पेटवल्या. बोव्हिलिएचे प्रसिद्ध उपाहारगृह क्रांतीच्या आधीच उघडले होते. त्याच्या जोडीला व्हेरी, त्र्वा फ्रेर प्रोव्हाँसो, रोशे द कांकाल ही नावे पुढे सर्वतोमुखी झाली. गिऱ्हाईकही नवे होते. लष्कराचे ठेकेदार आणि सट्ट्यात श्रीमंत झालेले लोक यांच्याजवळ पैसा होता, पण काय मागवावे आणि समोर आलेले चांगले की वाईट, हे सांगणारे कोणी नव्हते. वाडवडिलांच्या पंगतीत मिळणारे हे शिक्षण आता कुठून तरी विकत मिळायला हवे होते.

ग्रिमोने 1797 मध्ये नाट्यसमीक्षेचे नियतकालिक काढले होते. 1798 मध्ये सरकारने ते बंद पाडले. नाटकांवर लिहिण्याची वाट बंद झाल्यावर त्याने तीच नजर जेवणाच्या टेबलाकडे वळवली. नट, संहिता, नेपथ्य आणि प्रयोग यांच्या जागी आचारी, यादी, दालन आणि वाढप आले.

पंचांग आणि पंच

1803 मध्ये ‘आल्मानाक दे गुरमाँ’ म्हणजे खवय्यांचे पंचांग प्रसिद्ध झाले. हे खरोखरच पंचांग होते. कोणत्या महिन्यात कोणते मांस, मासा, भाजी वा फळ उत्तम असते, याची महिनेवार माहिती आधी येई. त्यानंतर ग्रिमो वाचकाला पॅरिसच्या गल्ल्यांतून हिंडवीत असे. पॅले रॉयालमधील कोर्सेलेचे खाद्यपदार्थांचे दुकान, रुजेची पेस्ट्री, रोशे द कांकालची कालवे, अशी नावानिशी नोंद होई. दुसऱ्या खंडात त्याने हीच फेरी पुन्हा मारली. एकदा मिळवलेला लौकिक कायमचा नसतो, दर वर्षी तो नव्याने सिद्ध करावा लागतो, हे तत्त्व यातून रुजले. पहिल्या खंडाचे पुनर्मुद्रण करावे लागले आणि 1812 पर्यंत एकूण आठ खंड निघाले. ‘गुरमाँ’ हा शब्द तोवर खादाड या अर्थाने वापरला जाई. पोटभर खाणे आणि पारखून खाणे यांत फरक आहे, हे ग्रिमोने इतक्या चिकाटीने मांडले की त्या शब्दाची अप्रतिष्ठा पुष्कळ कमी झाली.

1808 मध्ये त्याने यजमानांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिचा पहिला भाग टेबलावर मांस कापून वाढण्याच्या कलेवर आहे. ज्याला स्वतःची बोटे नव्हती, त्याने सुरी कशी धरावी हे अवघ्या फ्रान्सला शिकवले.

त्याचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र परीक्षक मंडळाचा होता. आचारी, हलवाई आणि दुकानदार आपले पदार्थ या मंडळाकडे पाठवीत. मंगळवारी संध्याकाळी सदस्य जमत. त्या काळच्या मेजवानीत सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत आणि निम्मे निवून जात. इथे एका वेळी एकच पदार्थ येई. तो कोणी केला हे चाखणाऱ्यांना सांगितले जात नसे. चर्चा होई, मते घेतली जात, निर्णयाची लेखी नोंद होई आणि उत्तीर्ण झालेल्या पदार्थाचा गौरव पंचांगातून छापला जाई. खाद्यपदार्थाच्या निवाड्याला न्यायालयाची शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होता आणि त्यामागे ग्रिमोमधला वकील होता.

फुकटच्या ताटाचा प्रश्न

याच मंडळाने त्याच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह उभे केले. पदार्थ फुकट येत आणि पोहोचवण्याचा खर्चही पाठवणाऱ्यानेच करावा, असा ग्रिमोचा दंडक होता. परीक्षकांची मेजवानी दुकानदारांच्या पैशाने होत असेल तर निकाल निःपक्षपाती कसा, असे विरोधक विचारू लागले. ज्यांचे नाव छापले गेले नाही ते दुखावले, ज्यांच्याविषयी प्रतिकूल छापले गेले ते संतापले. ग्रिमोच्या लेखणीलाही उपद्रव देण्याची हौस होतीच. 1812 च्या आठव्या खंडानंतर पंचांग बंद पडले. दुखावलेल्या व्यावसायिकांकडून होणाऱ्या खटल्यांची धास्ती हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

ग्रिमोची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आचाऱ्याचे नाव झाकले की भीड आणि वैर दोन्ही आपोआप बाजूला राहतात, असा त्याचा हिशेब होता. पण या व्यवस्थेत एक भोक राहून गेले. आचारी परीक्षकाला अज्ञात नव्हता तेवढा परीक्षक आचाऱ्याला ज्ञात होता. मंगळवारसाठी धाडलेला पदार्थ आणि बुधवारी सामान्य गिऱ्हाइकाला वाढलेला पदार्थ एकच असेल, याची हमी कोण देणार? ग्रिमोपाशी याचे उत्तर नव्हते.

त्याच सुमारास त्याने आपल्या मृत्यूची खोटी वार्ता धाडल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शोक करायला मोजकेच लोक आले, तेव्हा आतल्या दालनात ताटे मांडलेली होती आणि दिवंगत यजमान टेबलाच्या अग्रस्थानी बसला होता. खरे मित्र किती, याचाही निवाडा त्याने जेवणाच्या टेबलावरच केला. पुढे तो पॅरिस सोडून व्हिलिए-स्युर-ओर्ज येथील गढीत राहायला गेला. सतराव्या शतकात विषप्रयोगांबद्दल देहदंड झालेल्या मार्कीझ द ब्रँव्हिलिएची ती गढी होती, अशी वदंता आहे. तिथेच 25 डिसेंबर 1837 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी ग्रिमोचे निधन झाले.

उरलेला वारसा

कीर्ती मात्र दुसऱ्याच्या पदरात पडली. 1825 मध्ये ब्रिया-सावारँचा रसास्वादावरील ग्रंथ आला. त्याची भाषा प्रसन्न होती, त्यात कुणा दुकानदाराचे वाभाडे नव्हते आणि जगाने तोच डोक्यावर घेतला. ग्रिमोचा वाडाही राहिला नाही. 1930 च्या दशकात तो पाडला गेला आणि त्या जागी अमेरिकेचा दूतावास उभा राहिला.

त्याच्या व्यवस्थेतले भोक बुजवायला दुसरे शतक उजाडावे लागले. मिशेलिन या टायर कंपनीने 1900 मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली आणि 1926 पासून ती उत्तम उपाहारगृहांना तारा देऊ लागली. तिचे निरीक्षक ओळख न देता जातात, इतरांसारखेच जेवतात आणि बिल चुकते करून निघतात. ग्रिमोने आचाऱ्याचे नाव झाकले होते, इथे परीक्षकाचे झाकले गेले.

आजच्या ताऱ्यांच्या बाजारात पुन्हा नवा पेच आहे. मत देणारा कोण हे वाचकाला कळत नाही, त्याचे बिल कोणी भरले हेही कळत नाही. ग्रिमोने निदान आपले नाव, आपला पत्ता आणि आपले नियम उघडपणे छापले होते. त्याच्यावर आरोप करणाऱ्यांना कोणाच्या दारात उभे राहायचे, हे ठाऊक होते. ताटाचा निवाडा करणाऱ्याने आपले ताट कोणी भरले हे आधी सांगावे, एवढी अपेक्षा वाचकाने बाळगली तर ती जास्त म्हणता येणार नाही.