विश्लेषण : ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहिणारे आयझॅक वॉल्टन कोण होते? यादवी युद्धाच्या काळातले मासेमारीचे पुस्तक आजही का वाचले जाते?

इंग्लंडमधील नद्यांवर दरवर्षी १५ मार्च ते १५ जून या काळात बार्बल, चब यांसारखे मासे गळाने पकडण्यास बंदी असते. या दिवसांत ते अंडी घालतात. १६ जूनची पहाट उजाडली की ट्रेंट, थेम्स, ली या नद्यांच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. बंदीचे मूळ १८७८च्या कायद्यात आहे. मात्र या छंदाचे मूळ शोधायला गेलात, तर सगळे एकाच नावाशी येऊन थांबतात : आयझॅक वॉल्टन. त्यांची ओळख शांत, समाधानी, नदीकाठी रमणारा म्हातारा अशी झाली आहे. प्रत्यक्षात त्यांचे पुस्तक आले तेव्हा देशाच्या राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झाली होती आणि वॉल्टन हरलेल्या बाजूचे होते.

बार्बल आणि चब हे मासे कोणते?

दोन्ही कार्प कुळातले, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे दूरचे नातेवाईक. बार्बलच्या तोंडाशी चार मिशा असतात. वेगवान प्रवाहात, नदीच्या तळाशी राहून तो खडे-वाळू उकरत अन्न शोधतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा त्याला याच ‘बार्बस’ वंशात बसवले होते. वर्गीकरण पुढे बदलले, पण दोघांचीही ताकद गळाला लागल्यावरच कळते. चब मात्र लाजाळू. उन्हाळ्यात झाडाच्या सावलीत पृष्ठभागाजवळ तरंगतो आणि माणसाची सावली पडली तरी खाली जातो.

सॅमन आणि ट्राउट हे खानदानी मासे, बाकीचे हलके, अशी विभागणी इंग्लंडमध्ये पुढे रूढ झाली. त्यात चव जितकी होती तितकाच वर्गही होता. ट्राउटचे चांगले पाणी जमीनदारांच्या ताब्यात. लंडनच्या कामकरी माणसाला परवडायची ती ली नदी आणि तिच्यातले काटेरी मासे.

सराईवाल्याचा मुलगा ते कापड दुकानदार

वॉल्टन यांचा जन्म १५९३ मध्ये स्टॅफर्ड येथे झाला. वडील सराई चालवत. आयझॅक तीन-साडेतीन वर्षांचे असतानाच ते वारले आणि आईने दुसरे लग्न केले. पुढे ते लंडनला आले, एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली आणि १६१८ मध्ये लोखंड व्यापाऱ्यांच्या संघाचे रीतसर सदस्य झाले. लोखंडाच्या संघात कापडवाला कसा, हा प्रश्न पडेल. तेव्हाच्या लंडनमध्ये संघाचे नाव आणि प्रत्यक्ष धंदा वेगळा असणे नेहमीचेच होते.

त्यांचे दुकान फ्लीट स्ट्रीटवर होते. जवळच्या सेंट डन्स्टन चर्चचे धर्मगुरू होते कवी जॉन डन. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा दुकानदार डन यांच्या जवळच्या वर्तुळात गेला. ईटन विद्यालयाचे प्रमुख सर हेन्री वॉटन हे त्यांचे मासेमारीतले सोबती. डन यांचे चरित्र वॉटन लिहिणार होते आणि वॉल्टन त्यासाठी माहिती जमवत होते. वॉटन १६३९ मध्ये वारले. मग चरित्र वॉल्टन यांनीच लिहिले आणि ते १६४० मध्ये छापून आले.

तेच वर्ष त्यांच्यासाठी सर्वात वाईट ठरले. पत्नी रेचेल वारली. या लग्नातून झालेल्या सात मुलांपैकी एकही मोठे होऊ शकले नाही. १६४७ मध्ये त्यांनी ॲन केन यांच्याशी दुसरे लग्न केले. त्यांच्या तीन मुलांपैकी एक तान्हेपणीच गेले, एक मुलगी आणि एक मुलगा जगले.

राजाचा दागिना खिशात

१६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजाच्या आणि बिशपांच्या बाजूचे होते. लंडन संसदेच्या हाती होते, त्यामुळे युद्ध सुरू असतानाच त्यांनी शहर सोडले. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याला मृत्युदंड दिला गेला. बिशपांची पदे रद्द झाली, ओळखीच्या धर्मगुरूंची चर्चे सुटली.

सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स हरला आणि पळाला. त्याचे एक रत्नजडित पदक स्टॅफर्डशायरमध्ये लपवलेले होते. हातोहात करत ते वॉल्टन यांच्यापर्यंत आले. त्यांनी ते लंडनला नेऊन टॉवरमध्ये कैदेत असलेल्या कर्नल ब्लेग यांना पोहोचवले. ब्लेग पुढे निसटले आणि पदक राजाकडे गेले. वॉल्टन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि पकडले गेले असते तर कापड दुकानदार म्हणून सुटका झाली नसती.

पुस्तकात नेमके आहे काय?

‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये आले. किंमत अठरा पेन्स. त्याच वर्षी क्रॉमवेल देशाचा सर्वेसर्वा झाला. पुस्तकात राजकारणावर थेट भाष्य नाही. एक मासेमार आणि एक वाटसरू लंडनहून ली नदीच्या काठाने निघतात, बोलतात, गळ टाकतात, सराईत मुक्काम करतात. दुसऱ्या आवृत्तीपासून वाटसरूच्या जागी शिकारी आला.

शिष्याला शिकवायची सुरुवात होते ती चबपासून. चब बेचव, पाणचट, काट्यांनी भरलेला, अशी तक्रार असते. गुरू म्हणतो, दोष शिजवण्यात आहे. पकडला त्याच दिवशी शिजवा, घशातले गवत नीट धुऊन काढा, पोटात सुगंधी पाला भरा, भाजताना आंबट रस आणि लोणी लावत राहा. पकडायची रीतही तशीच बारकाईची : उन्हाळी दुपार, झाडामागे लपून उभे राहायचे आणि गळाला नाकतोडा लावून अगदी हळू पाण्यावर टेकवायचा. दूधवालीला एक चब देऊन बदल्यात गाणे ऐकायचे, हा प्रसंगही इथलाच.

बार्बलच्या प्रकरणात मिशा, डुकरासारखे तळ उकरणे आणि गाभोळीमुळे होणारी विषबाधा यांचा उल्लेख आहे. गाभोळीबद्दलचा इशारा आजही खरा आहे. आदल्या रात्री आमिष टाकून जागा तयार करणे, गांडुळे, चीज हे सगळे आजच्या मासेमाराला ओळखीचे वाटेल. फरक साधनांचा. तेव्हा दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा आणि बहुतेकदा काठीच्या टोकालाच बांधलेला. मासा पळाला तर दोर सोडायला फिरकी नाही. सगळा ताण थेट काठीवर आणि केसांवर, आणि बार्बल दोन्ही तोडू शकतो. शिवाय वॉल्टन यांचे मासे ताटात जात. आज बार्बल आणि चब जवळपास नेहमीच परत पाण्यात सोडले जातात.

टीका कोणती झाली?

माशीचा गळ त्यांना फारसा येत नव्हता. ती माहिती त्यांनी थॉमस बार्कर यांच्याकडून घेतली आणि तसे सांगितलेही. संसदेच्या बाजूने लढलेले मासेमार रिचर्ड फ्रँक यांनी त्यांना पुस्तकी ठरवून झोडपले. पुढे कवी बायरन यांनी क्रूर म्हटले. जिवंत बेडूक गळाला कसा लावायचा याच्या सूचना वाचल्या की तो आक्षेप खोडणे कठीण जाते. १९५०च्या दशकात १५७७ मधील मासेमारीचे एक पुस्तक उजेडात आले. त्यातही मासेमार आणि वाटसरू यांचा संवाद होता. वॉल्टन यांनी रचना तिथून उचलली असावी, असे दिसते. तरीही १५७७च्या त्या पुस्तकाची एकच प्रत उरली आणि वॉल्टन यांच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. फरक माहितीत नाही, सोबतीत आहे, असे वाचताना वाटते.

नंतरची वर्षे

१६६० मध्ये राजेशाही परतली. वॉल्टन यांचे स्नेही जॉर्ज मॉर्ली बिशप झाले आणि त्यांनी वॉल्टन यांना आपल्याकडे ठेवून घेतले. १६६२ मध्ये ॲनही गेली. हर्बर्ट, हूकर आदींची चरित्रे त्यांनी याच काळात लिहिली. मासेमारीचे पुस्तकही वाढत राहिले : तेरा प्रकरणांची एकवीस झाली. १६७६च्या पाचव्या आवृत्तीत तरुण मित्र चार्ल्स कॉटन यांनी माशीच्या गळावर स्वतंत्र भाग जोडला, म्हणजे उणीव अखेर भरून निघाली.

१५ डिसेंबर १६८३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, विंचेस्टर येथे मुलीच्या घरी त्यांचे निधन झाले. तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्यांची कबर आहे. शॅलोफर्ड येथील आपले शेत आणि घर त्यांनी स्टॅफर्ड शहरासाठी ठेवले. त्याच्या भाड्यातून दोन गरीब मुलांची उमेदवारी, एका मोलकरणीचे लग्न आणि हिवाळ्यात गरिबांना कोळसा, असा हिशेब मृत्युपत्रात लिहिला होता. ते घर आज संग्रहालय आहे.