विश्लेषण : मेंदूला इजा झाली तर भाषा कुठे जाते? अलेक्झांडर लुरिया यांनी काय शोधले?

‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक आपल्याला क्षणात कळतो. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सोव्हिएत सैनिक झासेत्स्की यांना मात्र तो कळत नव्हता. दोन्ही शब्द ओळखीचे, पण नाते जुळत नव्हते. असे का होते, याचा शोध अलेक्झांडर लुरिया यांनी घेतला.

लुरिया कोण होते?
जन्म १९०२, रशियातील कझान. वडील डॉक्टर. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्याशी ओळख झाली आणि कामाला दिशा मिळाली. पुढे त्यांनी वैद्यकीय शिक्षणही घेतले.

युद्धकाळात काय केले?
उरल भागात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठीच्या रुग्णालयाचे काम त्यांनी सांभाळले. बोलणे, वाचणे, लिहिणे ही कामे मेंदूतील एकाच ठिकाणी होत नाहीत. अनेक भाग मिळून ती पार पाडतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे साखळीतील एक कडी तुटली, तर दुसऱ्या वाटेने काम शिकवता येते.

झासेत्स्की यांचे काय झाले?
१९४३ मध्ये ते जखमी झाले. डाव्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली. एकेक अक्षर आठवून लिहिणे जमेना. पण हात न उचलता सलग लिहिले, तर शब्द उमटत. मेंदूचा पुढचा भाग शाबूत असल्याने जिद्द आणि नियोजन टिकून होते. स्वतःचे लिखाण वाचणेही कठीण असताना सुमारे २५ वर्षांत त्यांनी जवळपास ३,००० पाने लिहिली. त्यावर लुरिया यांचे पुस्तक आले.

लुरिया यांना विरोध झाला का?
हो. १९३१-३२ मधील उझबेकिस्तानातील अभ्यासावर टीका झाली. त्याचे सविस्तर निष्कर्ष १९७४ मध्ये छापून आले. १९५० च्या सुमारास ज्यूविरोधी वातावरणात न्यूरोसर्जरी संस्थेतील कामही सुटले. काही वर्षांनी ते तिथे परतले.

आज महत्त्व काय?
१९७७ मध्ये लुरिया यांचे निधन झाले. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाची नेमकी कोणती कडी तुटली, हे तपासून उपचार ठरवण्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. घरच्यांनीही एक लक्षात ठेवावे : शब्द सापडत नाहीत, म्हणजे समज गेली असे नाही.