जखमी कामगाराचा पगार मागणारे लोखंडे

भिवंडीच्या यंत्रमागावर धोटा उडून कामगार जायबंदी झाला, तर त्याच्या चुलीचे काय? मुंबईच्या गिरण्यांपुढे हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्येच मांडला. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात त्यांनी रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, जखमीस बरे होईपर्यंत पूर्ण पगार आणि अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय मागितली. १८९० मध्ये सुटी मिळाली. भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. लोखंडे १८९७ मध्येच प्लेगने गेले होते. थकलेला हात यंत्रात लवकर सापडतो. म्हणूनच विश्रांतीची ती मागणी सुरक्षिततेचीही होती.