गिल्बर्ट वॉकर

सर गिल्बर्ट थॉमस वॉकर (१४ जून १८६८ – ४ नोव्हेंबर १९५८) हे इंग्लिश गणितज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक, म्हणजेच भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचे पूर्वानुमान कसे करता येईल, याचा शोध घेताना त्यांनी प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबातील परस्परसंबंध उलगडला. या संबंधाला त्यांनी दिलेले 'दक्षिणी दोलन' हे नाव आज जगभर रूढ आहे. विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागरावर पूर्व-पश्चिम दिशेने फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्यांच्या सन्मानार्थ 'वॉकर अभिसरण' म्हणतात.

बालपण व शिक्षण

वॉकर यांचा जन्म इंग्लंडमधील लँकशायर परगण्यातील रॉचडेल येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. पुढे हे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडन येथे स्थायिक झाले. लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये त्यांनी गणितात प्रावीण्य मिळवले आणि १८८६ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. १८८९ च्या गणित परीक्षेत ते सर्वप्रथम आले. या स्थानाला तेथे 'सीनियर रँग्लर' म्हणतात. १८९१ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले.

अतिश्रमामुळे तरुणपणी त्यांची प्रकृती ढासळली आणि काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी घालवावे लागले. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी विद्युतगतिकी आणि फिरत्या वस्तूंचे गणित या विषयांवर संशोधन केले. फेकल्यावर फेकणाऱ्याकडे परत येणाऱ्या बूमरँगच्या गतीचा त्यांनी इतका बारकाईने अभ्यास केला, की केंब्रिजमध्ये ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. बासरीची रचना आणि पक्ष्यांचे तरंगत उडणे हे त्यांच्या जिज्ञासेचे आणखी दोन विषय. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते.

पार्श्वभूमी: दुष्काळ आणि पूर्वानुमान

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस हुलकावणी देणार हे आधी कळले, तर धान्य, चारा आणि मजुरीची कामे यांची तजवीज करता येईल, या विचाराने सरकारने खात्याकडे पूर्वानुमानाची मागणी केली. हिमालयात बर्फ अधिक साचले की पुढचा पावसाळा कमकुवत जातो, असे ब्लॅनफर्ड यांचे निरीक्षण होते. त्या आधारे १८८२ पासून प्रायोगिक आणि १८८६ पासून नियमित अंदाज दिले जाऊ लागले.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी त्यात इतर अनेक घटकांची भर घातली. त्यांचे अंदाज लांबलचक आणि तपशीलवार असत. परंतु १८९९ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि अंदाज साफ चुकला. त्यानंतर आलेल्या दुष्काळात असंख्य माणसे व जनावरे दगावली. वृत्तपत्रांनी खात्यावर टीका केली आणि पुढे काही काळ अंदाज जाहीर न करता केवळ सरकारी अधिकाऱ्यांपुरते मर्यादित ठेवण्यात आले. एलियट यांनी आपला वारस म्हणून हवामानतज्ज्ञाऐवजी गणितज्ञाची निवड केली, ती या अपयशाच्या छायेतच.

भारतातील कार्य

वॉकर १९०३ मध्ये भारतात आले आणि १९०४ च्या प्रारंभी सिमला येथे त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. जॉर्ज सिम्पसन, जे. एच. फील्ड आणि चार्ल्स नॉर्मंड यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ त्यांच्या काळात खात्यात आले. वरच्या थरांतील वाऱ्यांच्या अभ्यासासाठी आग्रा येथे वेधशाळा उभी राहिली.

वायुदाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या स्तंभाचे वजन. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तेथे दाब कमी होतो. समुद्रावरची जड, बाष्पयुक्त हवा त्या दिशेने वाहू लागते. मोसमी वाऱ्यांचे हे ढोबळ स्वरूप वॉकर यांच्या आधीच माहीत होते. एखाद्या वर्षी हे वारे जोमाने का येतात आणि दुसऱ्या वर्षी क्षीण का होतात, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते. भौतिक नियमांवरून ते गणिताने काढावे, तर त्या काळची साधने अपुरी होती. म्हणून वॉकर यांनी जुन्या नोंदींकडे मोर्चा वळवला.

जगभरातील ठाण्यांवरचे वायुदाब, तापमान व पाऊस यांचे अनेक दशकांचे आकडे त्यांनी जमवले. एका ठिकाणचा आकडा वाढला असता दुसऱ्या ठिकाणचा वाढतो की घटतो, आणि किती निश्चितपणे, हे सांगणारा सहसंबंधगुणक ते प्रत्येक जोडीसाठी काढू लागले. गणकयंत्रे नसलेल्या त्या काळात भारतीय कर्मचाऱ्यांच्या चमूने हजारो बेरजा-गुणाकार हाताने केले. या पद्धतीने तयार केलेले पहिले समीकरण १९०९ च्या सुमारास वापरात आले. त्यात हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस हे चार घटक होते. पुढे त्यांनी संपूर्ण देशासाठी एकच अंदाज देण्याऐवजी द्वीपकल्प व वायव्य भारत अशा विभागांचा स्वतंत्र विचार सुरू केला.

योगायोगाविषयीची सावधगिरी

आकडेमोडीतील धोका वॉकर यांना नीट ठाऊक होता. शेकडो जोड्या तपासल्या तर त्यांतील काही केवळ योगायोगानेही घट्ट जुळलेल्या दिसतात आणि संशोधक नेमक्या त्याच उचलतो. म्हणून मोठा दिसणारा सहसंबंध खरा मानण्यापूर्वी तो किती जोड्यांतून निवडला गेला, हे पाहिले पाहिजे, असा निकष त्यांनी १९१४ मध्ये मांडला. सूर्यावरील डागांवरून पाऊस सांगता येतो, ही त्या काळची आवडती कल्पना त्यांनी तपासली आणि तिला पुरेसा आधार नसल्याचे दाखवले. आकडे पुरेसे बोलके असतील तेव्हाच अंदाज द्यावा, एरवी देऊ नये, असे त्यांचे धोरण होते. दुष्काळाच्या भीतीने उत्तरासाठी उतावीळ झालेल्या सरकारी व्यवस्थेत हे धोरण सांभाळणे सोपे नव्हते.

दक्षिणी दोलन

प्रशांत महासागरावर वायुदाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो आणि उलटही घडते, असे वॉकर यांना आढळले. तराजूची पारडी वरखाली व्हावीत तसा हा दाबाचा खेळ काही वर्षांच्या अंतराने चालतो. स्वीडनचे हिल्डेब्रँडसन आणि इंग्लंडचे लॉकियर पितापुत्र यांना अशा विरोधाचा सुगावा आधी लागला होता. त्याचा जागतिक विस्तार आकड्यांनी सिद्ध करण्याचे आणि पाऊस व तापमान यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याचे श्रेय वॉकर यांचे आहे. १९२३-२४ च्या शोधनिबंधांत त्यांनी त्याचे 'दक्षिणी दोलन' असे नामकरण केले. उत्तर अटलांटिक व उत्तर प्रशांत महासागरांवरील अशाच दोन दोलनांचेही त्यांनी वर्णन केले.

रामानुजन यांना साहाय्य

फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तेथील बंदर विभागात कारकून असलेल्या श्रीनिवास रामानुजन यांची गणिताची वही त्यांना दाखवण्यात आली. तिचे मोल ओळखून त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिले आणि या तरुणाला पोटापाण्याच्या काळजीतून मुक्त करावे, अशी शिफारस केली. त्यानंतर विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली.

उत्तरायुष्य

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३४ पर्यंत ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. या काळात ते रॉयल मीटिओरॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षही झाले. कालक्रमाने येणाऱ्या आकड्यांच्या विश्लेषणातील 'यूल-वॉकर समीकरणे' १९३१ मधील त्यांच्या कामावरून ओळखली जातात. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी सरे परगण्यातील कूल्सडन येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

वॉकर भारतात आले ते पावसाळ्याचे खात्रीशीर पूर्वानुमान मिळवण्यासाठी, आणि ते त्यांना साधले नाही. त्यांनी निवडलेल्या अनेक घटकांचे पावसाशी असलेले नाते पुढील दशकांत सैल झाले. दक्षिणी दोलनाची खूण भारतातील पावसाळ्याच्या आधी ठळकपणे दिसत नाही. ती पावसाळ्यात व त्यानंतर अधिक स्पष्ट होते, असे नॉर्मंड यांनी पुढे निदर्शनास आणले. वॉकर यांच्या निधनसमयी त्यांचा हा शोध आकड्यांचे एक कोडे म्हणूनच पाहिला जात होता.

ते कोडे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडले. एरवी पश्चिम प्रशांत महासागराचे पाणी उबदार असते. तेथे हवा वर चढते, उंचावरून पूर्वेकडे जाते, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खाली उतरते आणि व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने पुन्हा पश्चिमेकडे वाहते. पूर्वेकडील पाणी तापले, म्हणजे 'एल निनो' आला, की हे चक्र मंदावते आणि हवा वर चढण्याची जागा पूर्वेला सरकते. परिणामी भारताच्या बाजूला हवा वर चढण्यास अडथळा येतो. वॉकर यांनी टिपलेले दाबाचे दोलन या घडामोडीचीच दुसरी बाजू होती. ब्यर्कनेस यांनी त्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले.

जालना व मराठवाड्याच्या संदर्भात

वॉकर यांच्या काळात जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून त्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतील बरेचसे बाष्प सह्याद्रीवरच रिते होते. त्यामुळे जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. मृगाच्या पेरणीपासून मोसंबीच्या बागा जगवण्यापर्यंत सर्व काही या बेभरवशाच्या पावसावर चालते.

१८७७, १८९९, १९१८, १९७२ आणि २०१५ ही एल निनोची वर्षे होती आणि त्या प्रत्येक वर्षी देशात पाऊस तुटीचा झाला. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या स्मरणात आजही ताजा आहे. मात्र १९९७ मध्ये अतिशय प्रबळ एल निनो असूनही देशातील पाऊस सरासरीपेक्षा किंचित अधिकच होता. एका खुणेवरून निश्चित भाकीत करू नये, हा वॉकर यांचा आग्रह अशा वर्षांनी खरा ठरवला.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगर येथील त्या कार्यालयाला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले सोळा घटकांचे प्रारूप वॉकर यांच्याच परंपरेतील होते. २००२ च्या दुष्काळाचा अंदाज त्याला आला नाही आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जागी नवी प्रारूपे आली. आता अंदाजात महासागर व वातावरण यांच्या भौतिक नियमांवर चालणारी संगणकीय प्रारूपेही वापरली जातात. प्रशांत महासागराची स्थिती मात्र त्यात आजही महत्त्वाची मानली जाते.